मनाची विचारपूस : वाचकांच्या पत्रांना उत्तरे

या महिन्यात आलेल्या पत्रांचा गठ्ठा नेहमीपेक्षा जाड आहे. नागपुरात एप्रिल सरत आला की दुपारचे रस्ते ओस पडतात, खिडक्यांना ताट्या आणि पडदे लागतात, झोप अर्धवट होते, चिडचिड वाढते आणि वर्षभर दाबून ठेवलेल्या कितीतरी गोष्टी याच दिवसांत वर येतात. बहुतेक पत्रांत एक वाक्य या ना त्या शब्दांत आले आहे : ‘मन खंबीर करायचा खूप प्रयत्न करते, पण जमत नाही.’ इतक्या वर्षांच्या कामात मला असे दिसले आहे की मनाला थेट समजावून फारसे काही साधत नाही. उठण्याची वेळ, जेवण, झोप, चालणे, घरातल्या कामाची वाटणी, एखाद्या माणसाशी मोकळे बोलणे या हातातल्या गोष्टी बदलल्या की मन सावकाश त्यांच्या मागे येते. खालची उत्तरे याच समजुतीने लिहिली आहेत. पत्रलेखकांची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

प्रश्न : मी ४७ वर्षांची गृहिणी असून आम्ही त्रिमूर्तीनगरला राहतो. सासूबाई ७९ वर्षांच्या आहेत आणि त्यांना स्मृतिभ्रंश असल्याचे दोन वर्षांपूर्वी कळले. यजमान बुटीबोरीला नोकरीला आहेत. सकाळी साडेसातला निघतात ते रात्री आठला परततात. सासूबाई दिवसभर ‘बंडू शाळेतून आला का?’ असे विचारत असतात. बंडू म्हणजे माझे दीर. ते ५२ वर्षांचे असून पुण्याला असतात. परवा मी सासूबाईंवर इतक्या जोराने ओरडले की शेजारच्या काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. नंतर मी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून रडत बसले. ज्यांनी माझी दोन्ही बाळंतपणे केली त्यांच्यावर मी ओरडते, म्हणजे मी वाईट बाई आहे का?

उत्तर : ताई, तुम्ही वाईट नाही. रोज साडेबारा तास, सुट्टी न घेता, दोन वर्षे एकटीने जे काम तुम्ही करत आहात, ते एखाद्या रुग्णालयात तीन पाळ्यांमध्ये वाटून दिलेले असते. तुम्ही थकला आहात, आणि थकलेल्या माणसाचा आवाज चढतो. मात्र ‘असे होतेच’ म्हणून मी तुम्हाला वाटेला लावणार नाही, कारण हे असेच चालू राहिले तर सासूबाईंच्या आधी तुम्ही अंथरूण धराल.

आधी बंडूच्या प्रश्नाबद्दल सांगतो. या आजारात नवी आठवण पक्की होत नाही, जुनी मात्र बराच काळ टिकून राहते. दिवसातून चाळीस वेळा विचारलेला तो प्रश्न सासूबाईंच्या दृष्टीने प्रत्येक वेळी पहिलाच असतो. चाळीसही वेळा लक्षात राहतात त्या फक्त तुमच्या. ‘बंडू आता म्हातारा व्हायला आला, पुण्याला असतो’ असे सांगितले की त्यांना तेवढ्यापुरता धक्का बसतो, भीती वाटते आणि पाच मिनिटांत उत्तर पुसले जाऊन भीती तेवढी शिल्लक राहते. म्हणून दुरुस्ती करू नका. ‘बंडूची काळजी वाटते का तुम्हाला? शाळेतून आल्यावर काय खायला मागायचा तो?’ असे विचारून पाहा. त्यांचा प्रश्न माहितीसाठी नसतो, त्यामागे एका आईच्या जिवाला लागलेला घोर असतो, आणि घोर ऐकून घेतल्याने हलका होतो. त्याच वेळी हातांना काहीतरी द्या. माझ्याकडे येणाऱ्या एका आजींना सायंकाळी अस्वस्थ व्हायची सवय होती. त्यांच्या सुनेने कापसाचा पेळू मांडीवर ठेवला की आजी आपोआप वाती वळू लागत. सगळे विसरलेल्या त्या बोटांना वात तेवढी आठवत होती. मेथी निवडणे, शेंगा सोलणे, रुमालांच्या घड्या घालणे, यांतले काही ना काही सासूबाईंच्याही हातात असेलच.

आपल्या शहरापुरती आणखी एक गोष्ट. उन्हासाठी आपण सकाळी नऊपासून घर काळोखे करून ठेवतो, आणि दिवस-रात्रीचा अंदाज आधीच सुटत चाललेल्या माणसाला तो काळोख अधिक गोंधळात टाकतो. म्हणून सकाळी आठच्या आत पूर्वेकडची खिडकी किंवा अंगणाचे दार उघडून त्यांना अर्धा तास उजेडात बसवा, आणि संध्याकाळी अंधारून येण्याच्या आधीच सगळे दिवे लावा. तहान लागल्याचे अशा रुग्णांना कळत नाही किंवा सांगता येत नाही, तेव्हा पाणी, पन्हे, ताक तुम्हीच ठरावीक वेळी हातात द्या. त्यांचा गोंधळ एक-दोन दिवसांत एकदम वाढला, त्या असंबद्ध बोलू लागल्या किंवा गुंगीत राहू लागल्या, तर आजार वाढला असे समजून घरी थांबू नका. अंगातले पाणी कमी होणे किंवा लघवीचा संसर्ग ही त्याची नेहमीची कारणे आहेत आणि त्यांवर उपचार होतात.

आता तुमच्याबद्दल. रविवारी सकाळी सात ते अकरा हे चार तास यजमानांनी आईजवळ बसायचे, हे घरात ठरवून घ्या आणि त्या चार तासांत तुम्ही घराबाहेर असा. हे तास बँक, किराणा आणि कपाट आवरणे यांत घालवायचे नाहीत, एवढे माझे आग्रहाचे सांगणे आहे. मैत्रिणीकडे जा, बहिणीकडे जाऊन नुसत्या पडून राहा, अंबाझरीच्या बगिच्यात चालून या. दीर पुण्याहून आठवड्यातून एकदा फोन करत असतील आणि ‘वहिनी, तुम्ही आहात म्हणून निभतंय’ असे म्हणतही असतील, पण त्या कौतुकाने तुमची एक तासही सुटका होत नाही. त्यांना स्पष्ट सांगा : दुपारी चार तासांसाठी मदतनीस ठेवायची आहे, तिचा अर्धा पगार तुम्ही द्या, आणि दर तीन महिन्यांनी आठ दिवस येऊन राहा. मागण्याचा संकोच वाटेल, तो वाटू द्या आणि तरीही मागा. भावाशी हे बोलण्याची पहिली जबाबदारी यजमानांची आहे, हेही त्यांना सांगा.

ओरडून झाल्यावर काय करायचे, हेही तुम्हाला हवे असेल. सासूबाई शब्द विसरतील, पण आवाजाने आलेली भीती त्यांच्या अंगात थोडा वेळ राहील. अशा वेळी माफीचे मोठे बोलणे त्यांच्यापर्यंत पोचत नाही. शेजारी बसा, डोक्याला तेल लावून द्या, हात हातात घ्या, ते पोचते. हात उगारला जाईल असे वाटले तर त्याच क्षणी दुसऱ्या खोलीत जा आणि शेजारच्या काकूंना हाक मारा. त्या दारात आल्या याची तुम्हाला लाज वाटली, पण मला वाटते त्या तुमच्या कामी येणाऱ्या बाई आहेत. ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ या मोफत दूरध्वनी क्रमांकावरही मार्गदर्शन मिळते. स्वतःच्या हिमोग्लोबिन आणि थायरॉइडच्या तपासण्या करून घ्या. या वयात पाळीच्या बदलांमुळेही झोप आणि मनःस्थिती बिघडते, आणि तो दोष बायका उगाच स्वभावावर घेतात.

प्रश्न : माझे वय ३९. इतवारीत कापडाचे दुकान आहे. गेले चार-पाच महिने मला पहाटे तीनला जाग येते आणि नंतर पाच वाजेपर्यंत उधारी, बँकेचा हप्ता, मुलीची फी हेच डोक्यात फिरत राहते. झोप लागावी म्हणून रात्री थोडी घेतो. घरी यातले काही सांगितलेले नाही. झोपेची गोळी सुरू करावी का?

उत्तर : गोळीच्या आधी करण्यासारखे बरेच आहे, आणि त्यातली पहिली गोष्ट म्हणजे तुम्ही जी ‘थोडी’ घेता ती थांबवणे. दारूने झोप लवकर लागते हे खरे असले तरी तिचा अंमल उतरू लागला की रात्रीच्या उत्तरार्धात झोप तुटू लागते. तुमची तीनची जाग बऱ्याच अंशी तिथूनच येत असावी. मात्र तुम्ही रोज आणि पुष्कळ घेत असाल तर एकाएकी बंद न करता डॉक्टरांच्या देखरेखीखाली कमी करा, कारण एकदम सोडल्याने थरथर, झटके असे गंभीर त्रास होऊ शकतात.

पहाटे झोप मुळातच उथळ असते आणि सगळ्यांनाच मध्येमध्ये जाग येते, पण निश्चिंत माणूस कूस बदलून झोपतो आणि काळजीत असलेल्याची काळजी त्या फटीतून आत शिरते. मन चिंती ते वैरी न चिंती, अशी आपली म्हण आहे, आणि पहाटे तीनला ती जितकी खरी असते तितकी दुपारी तीनला नसते. अंधारात, आडवे पडून, ज्याला फोन करायचा तो झोपलेला असताना उधारीचा कोणताही प्रश्न सुटत नाही. म्हणून काळजीला दिवसा वेळ नेमून द्या. दुकानात जुनी खातेवही असेल. सायंकाळी सात वाजता, शटर ओढण्याआधी, पंधरा मिनिटे तिच्यात लिहा : कोणाचे किती येणे, कोणाचे किती देणे, कोणती तारीख, आणि त्याबाबत उद्या पहिले काम कोणते. जे आपल्या हातात नाही ते शेवटच्या पानावर वेगळे लिहा. वही दुकानातच ठेवून कुलूप लावा, घरी आणू नका. पहाटे विचार आले की ‘हे वहीत आहे, सात वाजता बघू’ एवढेच मनाशी म्हणायचे. पहिल्या आठवड्यात हे पोरखेळासारखे वाटते. तीन आठवडे नेटाने करणाऱ्यांना फरक पडलेला मी पाहिला आहे.

जाग आल्यावर साधारण वीस मिनिटांत झोप लागली नाही तर अंथरुणात तळमळत राहू नका. उठून दुसऱ्या खोलीत मंद उजेडात बसा, आणि डोळे जड झाले की परत या. घड्याळ भिंतीकडे वळवून ठेवा. मोबाइल दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा. रात्र कशीही गेली तरी सकाळी उठण्याची वेळ एकच ठेवा आणि दुपारच्या डुलकीला वीस मिनिटांची मर्यादा घाला. बाजारात दिवसभर कटिंगवर कटिंग चालू असते, हे मला ठाऊक आहे. पण चहा-कॉफीतल्या कॅफिनपैकी निम्मे शरीरातून जायलाच पाच तासांच्या आसपास लागतात, म्हणून चारनंतरचा चहा बंद करा. झोप लागताना शरीराचे आतले तापमान थोडे उतरावे लागते आणि मे महिन्यातल्या आपल्या रात्री ते उतरू देत नाहीत. कूलरला वाळ्याच्या किंवा गवताच्या ताज्या ताट्या लावा, समोरची खिडकी थोडी उघडी ठेवा, म्हणजे ओली हवा साचणार नाही, आणि झोपण्याच्या तासभर आधी अंघोळ करा. घोरत असाल आणि दिवसा पेंग येत असेल तर तेही डॉक्टरांना आवर्जून सांगा.

राहिली घरची गोष्ट, आणि माझ्या मते हीच मुख्य आहे. तुम्ही कर्ज एकट्याने वाहत आहातच, शिवाय ते लपवण्याचे ओझेही वाहत आहात. पत्नीला सांगा, रात्री झोपताना नको, रविवारी सकाळी, वही समोर ठेवून सांगा. हप्ता थकण्याच्या आधी बँकेत जाऊन मुदत वाढवून मागणाऱ्याचे जितके ऐकले जाते तितके थकल्यानंतर जाणाऱ्याचे ऐकले जात नाही. एवढे करून महिन्याभरात फरक पडला नाही, किंवा ‘आपण नसलेलेच बरे’ असा विचार एकदाही मनाला शिवला, तर त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. झोपेची गोळी औषधाच्या दुकानातून परस्पर घेऊ नका. त्यांतल्या अनेक गोळ्यांची सवय लागते.

प्रश्न : मी परिचारिका आहे. ड्युटी, दोन मुले, स्वयंपाक यांतून माझ्या वाट्याला दिवसाची दहा मिनिटे येतात. त्यात काय करू?

उत्तर : चाला. सकाळी सहाच्या आत, ऊन चढण्यापूर्वी, घराबाहेर, कानात काहीही न घालता. आठवड्याला १५० मिनिटांचा मध्यम व्यायाम हे जागतिक आरोग्य संघटनेचे प्रमाण आहे, पण दहा मिनिटे ही शून्यापेक्षा फार वेगळी गोष्ट आहे. परतताना शेवटची दोन मिनिटे श्वास सोडण्याचा वेळ घेण्याच्या वेळेपेक्षा लांबवा. त्याने छातीतली धडधड शमते. वाट्याला दहाच मिनिटे का येतात, हा प्रश्न मात्र घरात एकदा बसून विचारा.

प्रश्न : मी ६६ वर्षांचा निवृत्त शिक्षक आहे. ११ वर्षांपासून मनःस्थितीच्या टोकाच्या चढउतारांवरच्या लिथियमच्या गोळ्या चालू आहेत आणि प्रकृती स्थिर आहे. शेजारी म्हणतात की मेंदूच्या गोळ्यांची सवय लागते, आता बंद करा. रक्तदाब वाढल्याने मी मीठही सोडले आहे. गोळ्या सोडाव्यात का?

उत्तर : सर, गोळ्या सोडू नका, आणि मीठही असे एकदम सोडू नका. ११ वर्षे प्रकृती स्थिर आहे यात त्या गोळ्यांचा मोठा वाटा आहे. ज्यांची सवय लागते अशा गोळ्या वेगळ्या. लिथियम त्यांत मोडत नाही. नैराश्यावरच्या नेहमीच्या गोळ्यांचीही त्या अर्थाने चटक लागत नाही. त्यांचा परिणाम दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात, आणि बरे वाटल्यावरही त्या काही महिने चालू ठेवून मग डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू उतरवायच्या असतात. लोक नेमके पहिल्या पंधरवड्यात ‘गुण नाही’ म्हणून किंवा तिसऱ्या महिन्यात ‘गुण आला’ म्हणून त्या सोडतात. लिथियम अचानक बंद केल्यास आजार उलटण्याची भीती मोठी असते.

तुमचे पत्र वाचून मला खरी चिंता वाटली ती मिठाची आणि मे महिन्याची. लिथियम मूत्रपिंडावाटे बाहेर पडते. घाम फार गेला, पाणी कमी पडले किंवा आहारातले मीठ एकदम घटले, तर शरीर लिथियम धरून ठेवते आणि रक्तातली त्याची पातळी धोक्यापर्यंत चढू शकते. पारा ४५ अंशांवर गेलेल्या नागपुरात ही पुस्तकी सूचना राहत नाही. हात पूर्वीपेक्षा जास्त थरथरणे, उलट्या-जुलाब, चालताना तोल जाणे, जीभ जड होणे यांतले काही दिसले तर पुढची गोळी न घेता लगेच रुग्णालयात जा. गुडघेदुखीसाठी आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामके मनाने घेऊ नका, आणि रक्तदाबाची नवी गोळी सुरू होताना लिथियम चालू असल्याचे त्या डॉक्टरांना आधी सांगा, कारण या दोन्हींमुळे पातळी वाढू शकते. किती मीठ चालेल, हे दोन्ही डॉक्टरांना विचारून ठरवा. लिथियमची पातळी, मूत्रपिंड आणि थायरॉइड यांच्या तपासण्या ठरल्या वेळी करा. यंदाची बाकी असेल तर ती याच आठवड्यात उरका. मनोविकारांवरच्या इतरही काही औषधांनी घाम कमी येतो आणि शरीर लवकर तापते. अशी औषधे घेणाऱ्यांनी दुपारी बारा ते चार बाहेर पडू नये.

शेजाऱ्यांचा हेतू चांगला असेल. त्यांना एवढेच सांगा की मधुमेहाच्या गोळीला आपण सवय म्हणत नाही.

प्रश्न : मी २८ वर्षांची असून नागपूरच्या महाल भागात राहते. चार महिन्यांपासून कशातच रस वाटत नाही, भूक नाही, सकाळी उठवत नाही. आई म्हणते, ‘काहून इतका विचार करतेस, सगळं तर आहे.’ डॉक्टरकडे जाऊ म्हटले तर म्हणते, ‘कोणी पाहिलं तर स्थळं येणं बंद होईल.’ मी कुठे जाऊ?

उत्तर : आईला काळजी आहे, फक्त ती चुकीच्या गोष्टीची आहे. दिवसाचा बहुतेक वेळ उदास वाटणे, कशात रस न उरणे, भूक-झोप बिघडणे हे जवळजवळ रोज, दोन आठवड्यांहून अधिक चालले तर नैराश्याच्या आजाराची तपासणी करायला हवी. तुला तर चार महिने झाले आहेत. तुझ्याकडे सगळे असूनही हा आजार होऊ शकतो, जसा कावीळ व्हायला कुणाकडे काही कमी असावे लागत नाही.

मेडिकल आणि मेयो या दोन्ही शासकीय रुग्णालयांत मनोविकार विभाग आहे, मिहानच्या एम्समध्येही आहे. तिथल्या बाह्यरुग्ण विभागात दात, डोळे, कान दाखवायला आलेल्या शेकडो माणसांत तू एक असशील. मानकापूरजवळचे प्रादेशिक मनोरुग्णालय राज्यातल्या मोजक्या शासकीय मनोरुग्णालयांपैकी एक आहे, आणि त्याचे नाव आपल्याकडे टोमणा मारायला वापरतात, हे मला फार लागते. तिथेही रोज माणसे तपासून, औषध घेऊन घरी जातात. आधी नुसते बोलायचे असेल तर टेलि-मानस या सरकारी दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत चालतो आणि मराठीत बोलता येते. ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली.

कायदाही तुझ्या बाजूने आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ साली झाला आणि २९ मे २०१८ पासून लागू आहे. उपचार मिळणे हा त्याने दिलेला हक्क आहे, तुझ्या आजाराची माहिती गुप्त ठेवणे उपचार करणाऱ्यांवर बंधनकारक आहे, आणि शारीरिक आजारांप्रमाणेच मानसिक आजारांनाही विमा संरक्षण देणे विमा कंपन्यांना भाग आहे. तू सज्ञान आहेस. आईची परवानगी लागत नाही. तरीही तिला सोबत ने, असे मी म्हणेन, कारण डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेले ती मानेल. थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि ब-१२ या तपासण्या पहिल्या भेटीतच होतील.

तू महालातली आहेस म्हणून एक सुचते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तुझ्या घरावरूनच मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक जात असेल. ‘इडा पिडा घेऊन जा गे मारबत’ असे हजारो माणसे भर रस्त्यात ओरडतात, आपल्याला काय पीडा आहे हे सांगायची तेव्हा कुणाला लाज वाटत नाही. आईला हे बोलून दाखव. लग्नाचा विषय आत्ता बाजूला ठेव. बरी झाल्यावर, ठरत आलेल्या स्थळाला आजाराबद्दल मोकळेपणाने सांगणेच योग्य होईल, आणि ऐकून मागे फिरणारे घर तुझ्या कामाचे नसेल.

प्रश्न : आम्ही गोंदियाचे. मुलगी १९ वर्षांची असून नागपुरात वसतिगृहात राहून दुसऱ्यांदा नीटची तयारी करत आहे. पूर्वी ती रोज अर्धा तास बोलायची, आता ‘हो, ठीक आहे’ म्हणून फोन ठेवते. मध्यंतरी छातीत धडधड होऊन हात-पाय गार पडले, म्हणून मैत्रिणींनी दवाखान्यात नेले होते. हृदय ठीक असल्याचे सांगितले. आपली सायकल तिने मैत्रिणीला देऊन टाकली, हे परवा कळले. ‘काही टेन्शन आहे का?’ असे विचारले की ‘नाही बाबा’ म्हणते. कसे विचारावे?

उत्तर : दादा, हे पत्र मी गठ्ठ्यातून वर काढले आणि संपादकांमार्फत तुम्हाला फोनही करवला, कारण बोलणे तुटणे आणि आवडीची वस्तू देऊन टाकणे या दोन गोष्टी एकत्र आल्या की वाट पाहायची नसते. इतर आईवडिलांच्या उपयोगी पडावे म्हणून उत्तर इथे देत आहे.

दवाखान्यात नेले तो बहुधा तीव्र भीतीचा झटका असावा. त्यात माणसाला आपण मरतो असे वाटते, तो साधारण दहा मिनिटांत कळसाला जाऊन ओसरतो, आणि त्याने हृदय बंद पडत नाही. पुन्हा झाला तर जवळच्या मैत्रिणीने ‘मी इथेच आहे, हे ओसरते’ एवढे म्हणत तिच्याबरोबर सावकाश श्वास सोडावा. नंतर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावे. यावर चांगले उपचार आहेत.

‘टेन्शन आहे का’ या प्रश्नाला आपली मुले ‘नाही’ असेच उत्तर देतात, कारण ‘हो’ म्हटले की बाबांचा जीव टांगणीला लागेल आणि पैसे वाया गेले असे त्यांना वाटेल, हे त्यांना माहीत असते. म्हणून जे दिसले ते सांगा आणि थेट विचारा : ‘बाळ, तू हल्ली बोलत नाहीस, सायकल देऊन टाकलीस. तुला जगणे नकोसे झाले आहे का? जीव द्यावा असे मनात येते का?’ असे विचारल्याने तो विचार डोक्यात जाईल, अशी भीती सर्वांना वाटते. ती खरी नाही. असा विचार आधीच मनात असेल तर तो पहिल्यांदा कुणाला तरी सांगता येतो, आणि नसेल तर ती तसे सांगेल. ‘हो’ म्हणाली तर रागावू नका, शपथा घालू नका, ‘आमचा विचार नाही केलास’ असे म्हणू नका. जवळ बसा, ऐका, तिला एकटी ठेवू नका, गोळ्या आणि तशा वस्तू हाताशी राहू देऊ नका आणि त्याच दिवशी तिला डॉक्टरांकडे न्या. रात्र असेल तर मेडिकलचा अपघात विभाग उघडा असतो आणि १४४१६ वर कुणीतरी जागे असते.

परीक्षेचे काय, हे तुम्ही विचारलेले नाही, याबद्दल मला तुमच्याविषयी आदर वाटला. तिला तो निरोप तुमच्या तोंडून मिळू द्या : यंदा परीक्षा दिली तरी चालेल, नाही दिली तरी चालेल, आणि घरी यावेसे वाटले तर बॅग न भरताही ये. हे फोनवर सांगू नका. उद्याची सकाळची गाडी धरा. तिच्या आईलाही बरोबर आणा, येताना तिच्या आवडीचे काहीतरी डब्यात घ्या, आणि वसतिगृहाच्या खोलीत गेल्यावर टेबलावरच्या पुस्तकांकडे न पाहता पलंगावर तिच्या शेजारी बसा.